टॅब्लेटचा आराखडा कुठे गेला? हर्ट्झ–ॲक्सेंचर प्रकल्पातून एजन्सीच्या कामातले यूएक्स

गाड्या भाड्याने देणाऱ्या हर्ट्झ या अमेरिकी कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीवर दावा लावला. संकेतस्थळ आणि मोबाइल ॲप नव्याने करून घेण्यासाठी ३ कोटी २० लाख डॉलरहून जास्त शुल्क दिले, पण चालू करता येईल असे संकेतस्थळ किंवा ॲप हाती आलेच नाही, ही हर्ट्झची मुख्य तक्रार. ॲक्सेंचरने हे आरोप निराधार ठरवले. पुढचा घटनाक्रम हर्ट्झच्या दाव्यातला, म्हणजे एका बाजूचा आहे. तो तसाच धरून वाचावा.

तरीही हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. एजन्सीच्या प्रकल्पात आत काय घडले ते गोपनीयतेच्या करारामुळे सहसा बाहेर येत नाही. इथे ते न्यायालयाच्या कागदांत आले. शिवाय तक्रारींची यादी वाचली की त्यातल्या बऱ्याच बाबी थेट यूएक्सच्या (वापरणाऱ्याला उत्पादन कसे दिसेल आणि कसे वापरता येईल ते ठरवण्याच्या कामाच्या) टेबलावरच्या आहेत: कोणत्या रुंदीसाठी स्क्रीन बनवायच्या, स्टाइल गाइड (रंग, बटणे, अक्षरे कशी असावीत याची नियमावली) कोणत्या स्वरूपात द्यायची, एका ब्रँडचे डिझाइन दुसऱ्याला चालेल का, आणि ‘हे डिझाइन गरजेप्रमाणे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा.

कामाची आखणी

हर्ट्झने ऑगस्ट २०१६ मध्ये ॲक्सेंचरची निवड केली. त्याआधी ॲक्सेंचरने दिवसभराचे सादरीकरण केले आणि नवा हर्ट्झ कसा दिसेल याचे प्रात्यक्षिक दाखवले. पहिल्या टप्प्यात ‘सोल्यूशन ब्लूप्रिंट’ नावाचा नियोजनाचा दस्तऐवज तयार झाला. काय बांधायचे, कोणत्या तंत्रज्ञानावर आणि कोणत्या तत्त्वांवर, हे त्यात होते. दुसऱ्या टप्प्यात डिझाइन, बांधणी, चाचणी आणि चालू करणे. मूळ तारीख डिसेंबर २०१७ ची होती. ती जानेवारी २०१८ वर गेली, मग एप्रिलवर. एप्रिलही चुकल्यावर हर्ट्झने काम काढून घेतले. सदोष काम दुरुस्त करायला किंवा बदलायला आणखी १ कोटी डॉलरहून जास्त लागतील, असे दाव्यात म्हटले आहे.

सादरीकरणातल्या प्रात्यक्षिकाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण जवळजवळ प्रत्येक एजन्सीत ती घडते. प्रात्यक्षिकात शहराचे नाव आखूड असते, गाडी उपलब्ध असते, किंमत गोल आकड्यात असते, नेट वेगवान असते. ते खोटे नसते. पण ते काम विकण्यासाठी बनवलेले असते आणि बांधणीचा अंदाज त्याच्याच पानांच्या संख्येवर धरला जातो. ३० स्क्रीन दिसल्या म्हणून ३० स्क्रीनचा खर्च लागतो. उदाहरणादाखल हिशोब करून पाहा: ३० स्क्रीन, प्रत्येकी ३ रुंदी, म्हणजे ९०. प्रत्येक स्क्रीनच्या सरासरी ४ अवस्था (भरलेली, रिकामी, लोड होत असलेली, चुकलेली) धरल्या तर ३६०. त्यात ३ ब्रँड आले की १०८०. हे सगळे कोणी हाताने काढत नाही, काढूही नये. बटण, रकाना असे सामायिक घटक बनवूनच हा आकडा आवाक्यात येतो. पण करार करताना दोन्ही बाजूंच्या डोक्यात ३० हाच आकडा असेल तर उरलेल्या १०५० चा वाद कधी ना कधी होणारच.

मधली रुंदी

ब्लूप्रिंटमध्ये तीन मापे होती, असे हर्ट्झ म्हणते: फोनसाठी लहान, टॅब्लेटसाठी मध्यम, डेस्कटॉपसाठी मोठे. ॲक्सेंचरने लहान आणि मोठे केले, मध्यम गाळले, आणि ते हवे असेल तर काही लाख डॉलर जादा मागितले.

हे वाचून ‘टॅब्लेटवर बुकिंग करणारे असे किती’ असा प्रश्न पडतो, आणि मध्यम माप गाळणाऱ्याच्या मनातही बहुधा तोच विचार असतो. पण मधली रुंदी फक्त टॅब्लेटची नसते. १३६६ पिक्सेल रुंदीच्या लॅपटॉपवर ब्राउझर अर्ध्या पडद्यात ठेवून शेजारी विमानाच्या तिकिटाची मेल उघडली, की खिडकी ६८३ पिक्सेलची होते. गाडी बुक करणारा माणूस हेच करतो, कारण त्याला उतरण्याची वेळ बघून भरायची असते. १२८० च्या पडद्यावर अक्षरे २०० टक्के मोठी केली की पानाला ६४० पिक्सेलच मिळतात. म्हणजे ज्याला कमी दिसते त्याला लॅपटॉपवरही मधलाच आराखडा, म्हणजे मधल्या रुंदीची पानाची मांडणी, दिसणार. अक्षरे २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी मजकूर आणि काम अडू नये, ही अट डब्ल्यूसीएजी या सुलभता-निकषांत २००८ पासून आहे.

आता मध्यम आराखडा नसेल तर काय होते ते आकड्यात पाहू. गाड्यांच्या यादीचे नेहमीचे डेस्कटॉप पान घ्या: डावीकडे गाळणी म्हणजे फिल्टर (गाडीचा प्रकार, आसने, गिअर), मध्ये गाड्या, उजवीकडे भाड्याचा सारांश. दोन्ही बाजूच्या पट्ट्या प्रत्येकी २४० पिक्सेलच्या धरल्या तर ७६८ च्या टॅब्लेटवर गाड्यांना २८८ उरतात. त्यातून दोन बाजूंची २४-२४ पिक्सेलची मोकळी जागा गेली की २४०. म्हणजे टॅब्लेटवरची गाडी ३६० पिक्सेलच्या साध्या फोनवरच्या गाडीपेक्षा अरुंद दिसते. नाव दोन ओळींत मोडते, किंमत आणि बटण एकमेकांवर चढतात. उलट फोनचाच आराखडा ताणला तर एक गाडी ७६८ पिक्सेलभर पसरते, फोटो अख्खा पडदा खातो आणि तुलना करायला दुसरी गाडी दिसतच नाही. भाड्याच्या गाडीत निवड ही तुलनेतून होते. त्यामुळे हे दोष नुसते दिसण्यातले नाहीत.

पडद्याच्या रुंदीप्रमाणे पान स्वतः जुळवून घेते अशा डिझाइनला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात; हा शब्द वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रूढ केला. त्याचा गाभा लवचिक जाळी हा आहे, म्हणजे रकान्यांची रुंदी पडद्याच्या प्रमाणात बदलते. मोजक्या मापांची वेगवेगळी पाने काढणे म्हणजे रिस्पॉन्सिव्ह नव्हे. डिझायनर लवचिक जाळीवर काम करतो आणि आराखडा कोणत्या रुंदीला मोडतो ते बघून तिथे वळण देतो, तेव्हा मध्यम माप हे वेगळे बिल लावण्याजोगे काम उरत नाही. फोनची एक फाइल आणि डेस्कटॉपची एक फाइल डेव्हलपरच्या हाती दिली की मधले सगळे त्याच्या अंदाजावर जाते. मग तिसरे माप हे खरोखरच नवे काम होते, कारण घटक आधीच दोन टोकांना चिकटवून लिहिलेले असतात. मध्यम मापासाठी एवढे जादा पैसे का लागावेत, याचे एक संभाव्य तांत्रिक कारण हेच दिसते. नेमक्या प्रकल्पात काय झाले ते दोन्ही पक्ष जाणोत.

तीन ब्रँडचा एक गाभा

हर्ट्झने २०१२ मध्ये डॉलर थ्रिफ्टी ही कंपनी विकत घेतली होती. त्यामुळे हर्ट्झ, डॉलर आणि थ्रिफ्टी या तिन्ही नावांना, आणि उत्तर अमेरिकेबाहेरच्या देशांनाही, एकच ‘सामायिक गाभा’ वापरता आला पाहिजे हे ब्लूप्रिंटमधले मूलभूत तत्त्व होते. प्रत्यक्षात कोड हर्ट्झच्या उत्तर अमेरिकेतल्या ब्रँडपुरताच लिहिला गेला, असा आरोप आहे. दाव्यात हा कोडचा दोष म्हणून मांडला आहे. पण त्याची सुरुवात बहुतेक प्रकल्पांत डिझाइनच्या फाइलमध्येच होते.

साधे उदाहरण बटणाचे. हर्ट्झचा रंग पिवळा. अशा गडद पिवळ्यावर पांढरी अक्षरे ठेवली तर दोन रंगांच्या उजळपणातली तफावत साधारण १.५ : १ येते. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागते, म्हणजे ती वाचताच येणार नाहीत. काळी अक्षरे ठेवली तर तफावत १४ : १ च्या आसपास जाते. म्हणून हर्ट्झच्या बटणावर काळी अक्षरे. डॉलरचा रंग लाल, तिथे पांढरी चालतील. डिझायनरने ‘मुख्य बटण: पिवळा’ एवढेच लिहिले आणि डेव्हलपरने अक्षरांचा काळा रंग बटणाच्या कोडमध्ये कायमचा घातला, तर डॉलरसाठी बटण पुन्हा लिहावे लागते. ‘कृतीची पार्श्वभूमी’ आणि ‘कृतीवरील अक्षरे’ अशी जोडी नावाने ठरवली आणि प्रत्येक ब्रँडला तिच्या किमती दिल्या तर बटण एकदाच लिहिले जाते. या नावाने साठवलेल्या किमतींना टोकन म्हणतात. रंग, अंतर, कोपऱ्याची गोलाई, अक्षरांचा आकार हे सगळे टोकनांत हवे.

देश बदलला की प्रश्न रंगाच्या पुढे जातात. अमेरिकेत तारीख महिन्यापासून सुरू होते आणि घड्याळ १२ तासांचे, युरोपात दिवस आधी आणि २४ तास. अमेरिकेत गाडीच्या नुकसानीचे संरक्षण सहसा काउंटरवर वेगळे विकले जाते, युरोपात ते बरेचदा भाड्यातच असते. म्हणजे एका देशात जी अख्खी स्क्रीन आहे ती दुसऱ्या देशात एक ओळ उरते. युरोपात करासह पूर्ण किंमत आधी दाखवावी लागते. अमेरिकेत ऑटोमॅटिक गिअर गृहीत असतो, ब्रिटनमध्ये ग्राहक तो मुद्दाम निवडतो. जर्मन मजकूर इंग्रजीपेक्षा लांब होतो आणि बटणातून बाहेर येतो. (आपल्याकडे मराठी आवृत्ती करताना हाच प्रकार उभ्या दिशेने होतो: इंग्रजीला पुरणारी ओळीची उंची ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात.)

यावर तोडगा जुना आणि स्वस्त आहे. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत, फक्त पाच-सहा घटक तयार असतानाच, ते दुसऱ्या ब्रँडच्या रंगात आणि दुसऱ्या देशाच्या मजकुरात ओतून पाहायचे. डॉलरच्या लाल रंगात जर्मन मजकुराचे एक बुकिंग पान. काम दोन-तीन दिवसांचे आहे. तेवढ्यात कळते की गाभा खरोखर सामायिक आहे की नावापुरता. शेवटी कळले तर कोड टाकून द्यावा लागतो. हर्ट्झच्या म्हणण्यानुसार अँग्युलर या प्रोग्रामिंगच्या चौकटीत लिहिलेला, वापरणाऱ्याला दिसणारा भाग तसाच टाकून द्यावा लागला. मात्र त्याची कारणे त्यांनी सुरक्षा आणि कामगिरीची दिली आहेत.

पीडीएफ

हर्ट्झला परस्परक्रियाशील, पुढे बदलता येणारी स्टाइल गाइड हवी होती. मिळाली ती पीडीएफ. हवी तशी हवी असेल तर जादा पैसे, असे उत्तर आले.

पीडीएफमधल्या बटणावर बोट टेकवता येत नाही. कीबोर्डने त्यावर गेल्यावर कडा कशी उजळते, चूक झाल्यावर रकान्याखाली संदेश कुठे येतो आणि तो आल्यावर खालचा मजकूर किती सरकतो, हे चित्रात राहत नाही. रंगाचा आकडा माणसाला हाताने उतरवावा लागतो आणि तीन महिन्यांनी रंग बदलला तर जुन्या पीडीएफची प्रत कोणाकोणाच्या मशीनवर आहे ते कोणालाच ठाऊक नसते. जिवंत गाइड म्हणजे कोडमधलाच घटक एका पानावर सगळ्या अवस्थांसह चालताना दिसणे. स्टोरीबुकसारखी साधने यासाठी फुकट मिळतात. तो घटक बदलला की गाइड आपोआप बदलते, कारण दोन्ही एकच वस्तू आहेत.

दोष बहुतेक वेळा करारातल्या एका शब्दाचा असतो. देण्याच्या वस्तूंच्या यादीत ‘स्टाइल गाइड’ एवढेच लिहिले तर पीडीएफ दिल्यानेही अट पुरी होते, असे एजन्सीला म्हणता येते. म्हणून वाक्य असे लिहावे: ‘प्रत्येक घटक उत्पादनाच्याच कोडमधून, सर्व अवस्थांसह आणि तिन्ही ब्रँडच्या टोकनांसह, क्लायंटच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालताना दिसेल, आणि क्लायंटचा डेव्हलपर एजन्सीच्या मदतीशिवाय त्यात बदल करू शकेल.’

सरळ वाटेची चाचणी

चाचण्या फक्त सगळे सुरळीत होते अशा सरळ वाटेच्या झाल्या, अपवादाच्या नाहीत, असाही आरोप आहे. भाड्याच्या गाडीत अपवाद हाच रोजचा व्यवहार. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची. विमान रात्री साडेअकराला उतरते आणि काउंटर अकराला बंद होतो. चालक २४ वर्षांचा आहे, त्याला कमी वयाचे जादा शुल्क. कंपनीचा सवलत क्रमांक भरला पण त्यावर या शहरात गाडीच नाही. आत्ताच पैसे भरले आणि नंतर तारीख बदलली. कार्ड नाकारले गेले. प्रत्येक प्रसंगात पडद्यावर नेमके काय लिहिलेले येईल आणि ग्राहकाने आधी भरलेले टिकेल का, हे डिझायनरने ठरवायचे असते. त्याने ठरवले नाही तर ते टेस्टरच्या यादीत येत नाही, कारण टेस्टर स्टोरी (एका छोट्या कामाची लेखी नोंद) वाचून चाचणी लिहितो आणि स्टोरी स्क्रीन पाहून लिहिलेली असते. स्क्रीनवर सरळ वाट असेल तर खालपर्यंत सरळ वाटच उतरते.

वापरणाऱ्यांकडून करून घ्यायची चाचणी ही वेगळी गोष्ट आहे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलेला पाच जणांचा आकडा (पाच जणांच्या चाचणीत बहुतेक अडचणी दिसून येतात) सगळे उद्धृत करतात, पण त्याचा दुसरा भाग विसरतात: पाच जणांत चाचणी, दुरुस्ती, मग पुन्हा पाच, आणि वापरणारे खूप वेगळ्या प्रकारचे असतील तर प्रत्येक प्रकारातून माणसे. कामानिमित्त आठवड्याला गाडी घेणारा सदस्य काउंटरवर न थांबता थेट गाडीकडे जातो. वर्षातून एकदा कुटुंबासह फिरायला जाणाऱ्याला अनामत किती अडकेल हेही माहीत नसते. या दोघांची एकत्र चाचणी घेऊन काढलेली सरासरी कोणाच्याच कामाची नाही.

‘झाले’ कोण म्हणणार?

दाव्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तांत्रिक नाही. हर्ट्झ सांगते की आपल्याकडे पुरेसे तज्ज्ञ नव्हते, म्हणून ॲक्सेंचरवर विसंबलो. गरजा ॲक्सेंचरने गोळा केल्या, डिझाइन ॲक्सेंचरने केले, प्रॉडक्ट ओनरही (काय बांधायचे आणि काय आधी, हे ठरवणारे) ॲक्सेंचरचे, आणि डिझाइन गरजांना उतरते की नाही हे ठरवणारेही तेच.

हर्ट्झने हे ॲक्सेंचरची जबाबदारी दाखवण्यासाठी लिहिले. आम्हाला त्यात हर्ट्झची सर्वांत महागडी चूकही दिसते. माप घेणारा, कापणारा आणि कपडा अंगाला बसला असे सांगणारा एकच असेल तर चांगल्या कारागिराकडूनही चुका सुटतात. तारीख जवळ आली की प्रत्येक निर्णय तारखेच्या बाजूने झुकतो. मध्यम माप पुढच्या टप्प्यात, दुसरा ब्रँड पुढच्या टप्प्यात, स्टाइल गाइड सध्या पीडीएफमध्ये. यात कोणाचा वाईट हेतू असावाच लागत नाही. ‘नाही, हे आत्ताच हवे’ म्हणणारा माणूस खोलीत नसतो, एवढेच.

म्हणून प्रॉडक्ट ओनर क्लायंटच्या पगारावरचाच हवा, आणि त्याच्या शेजारी क्लायंटचाच एक अनुभवी डिझायनर. त्याने स्क्रीन काढायच्या नाहीत. दर पंधरवड्याला एजन्सीने चालवून दाखवलेले पान स्वतःच्या हाताने वापरायचे, ब्लूप्रिंटशी ताडायचे आणि लेखी मंजुरी द्यायची किंवा नाकारायची. एवढ्या मोठ्या खर्चापुढे दोन माणसांचा पगार नगण्य आहे.

एजन्सीच्या बाजूची गफलत वेगळी. डिझायनरचे तास पहिल्या तिमाहीत संपतात, फाइल डेव्हलपरना सुपूर्द होते आणि डिझायनर दुसऱ्या क्लायंटवर जातो. पुणे-मुंबईतून परदेशी क्लायंटचे काम करणाऱ्या अनेक टीमना हे चांगले ठाऊक आहे: पडद्याचा प्रश्न संध्याकाळी सहाला उभा राहतो, उत्तर देणारा डिझायनर दुसऱ्या खंडात असतो किंवा प्रकल्पावर नसतोच, मग डेव्हलपर स्वतःच ठरवून टाकतो. असे एकेकट्याने घेतलेले शेकडो निर्णय मिळून उत्पादन बनते. यावर अंदाजपत्रकातच उपाय हवा. आमच्या मते डिझाइनच्या एकूण तासांपैकी किमान ३० टक्के बांधणीच्या काळासाठी राखून ठेवावेत, वेगळ्या ओळीत, म्हणजे घासाघीस करताना ते परस्पर उडत नाहीत. त्या तासांत डिझायनर बांधलेली स्क्रीन तपासतो, सुटलेल्या अवस्था काढतो आणि बदललेल्या गोष्टी गाइडमध्ये घालतो. आणि कोणतीही स्टोरी डिझायनरच्या तपासणीशिवाय ‘पूर्ण’च्या रकान्यात जाऊ नये.

पहिल्या हप्त्याआधीची तपासणी

क्लायंटकडे तज्ज्ञ नसले तरी करता येईल अशी एक तपासणी आहे. पैशाच्या प्रत्येक हप्त्याला ती जोडावी. तीस मिनिटे पुरतात.

डेस्कटॉपवर चालू पान उघडून ब्राउझरची खिडकी १२८० पासून ३२० पिक्सेलपर्यंत हळूहळू आत ओढावी. कुठेही आडवे सरकावे लागले, मजकूर कापला गेला किंवा बटण दुसऱ्यावर चढले, तर ती रुंदी लिहून घ्यावी. मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने एक बुकिंग पूर्ण करावे. आपण आत्ता कुठे आहोत ते पडद्यावर दिसत नसेल तर नोंद. नेट बंद करून ‘पुढे’ दाबावे. परत चालू करावे. भरलेली तारीख आणि ठिकाण अजून जागेवर आहे का ते पाहावे. तात्पुरत्या डेटात सर्वांत लांब नाव घालावे, आठ अक्षरांच्या शहराऐवजी तीस अक्षरांचे विमानतळ. शेवटी एजन्सीला सांगावे, आमच्यासमोर टोकनांची फाइल बदलून हेच पान दुसऱ्या ब्रँडमध्ये दाखवा. दहा मिनिटांत दाखवता आले तर गाभा सामायिक आहे. ‘त्यासाठी वेगळा अंदाज द्यावा लागेल’ असे उत्तर आले तर हप्ता थांबवून ब्लूप्रिंटमधले ते पान दोघांनी एकत्र पुन्हा वाचावे.